पिवळा चौकोन

सोमवार, ४
पोचलो एकदाचे, मी आणि माझी सात वर्षांची ठकी. घरमालकीणबाई लेकाकडे परदेशी गेल्यात. त्या येईपर्यंत घर सांभाळायचं आणि दिवाणखान्यातल्या भिंतभर काचपेटीतले अकरा मासेही. रोज एक फोटो पाठवायचा, त्यात सगळे दिसले पाहिजेत. ठकीने आल्या आल्या माशांना नावं ठेवली, म्हणजे खरोखरीची. माझ्या मोबाइलच्या फोटोत मात्र मासे कमी आणि काचेतली माझी बत्तिशीच जास्त. बाईंनी चांगला कॅमेरा घ्यायला सांगितलंय. घर फार आवडलं.

बुधवार, ६
कॅमेऱ्याचा दुकानदार स्वतः मासे पाळणारा निघाला, त्यामुळे आमचं लगेच जमलं. म्हणाला, मेगापिक्सेलच्या आकड्यांना भुलू नका. मासा काही फोटोसाठी थांबत नाही, कमी उजेडात झटकन टिपणारी लेन्स हवी. फ्लॅश बंद, पडदे ओढलेले आणि लेन्स काचेला टेकलेली असली की प्रतिबिंब येतच नाही. दोन कॅमेरे उरले. एकाची बॅटरी दिवसभर टिकते, पण चित्र बेताचं. दुसरा दिसायला गोगलगाय, पण खवला न् खवला दाखवतो. त्याची बॅटरी लवकर उतरते आणि चार्जर सोमवारी मिळणार. मी दुसराच घेतला. चेहरा दिसला की तो त्यावर पिवळा चौकोन काढतो. त्या चौकोनात येण्यासाठी ठकी संध्याकाळभर माझ्यापुढे नाचली.

गुरुवार, ७
अकराही मासे लख्ख आले. मागे खुर्चीत बसलेल्या ठकीचं प्रतिबिंबही आलंय. गोड दिसतेय, म्हणून तसाच पाठवला.
मग आठवलं, लेन्स काचेला टेकलेली होती. प्रतिबिंब आलं कुठून?

शुक्रवार, ८
चौकोन पाण्यात फिरतोय. फोटोत ठकी खुर्चीवरून उठून काचेजवळ आलीय. खोलीत ती जागची हललीसुद्धा नव्हती. तिचे केस ओले आहेत. तीनदा पुसले. पुन्हा ओले.
तिला उचलून बाहेर पडले, तर उंबऱ्याबाहेर तिला श्वास घेता येईना. पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखं तोंड उघडत-मिटत होती. आत आणलं, तेव्हा शांत झाली. मला फार भीती वाटतेय.

शनिवार, ९
खुर्ची रिकामी. पलंगाखाली, कपाटात, सगळीकडे पाहिलं — नाही.
नुसत्या डोळ्यांना पेटीत फक्त मासे. मोबाइलमध्येही मासेच. हा कॅमेरा लावला की ठकी.
खांद्यापर्यंत हात घातला. हाताला नुसतं पाणी.
काच फोडावी, तर पाणी जाईल आणि ती —
बाईंना फोटो पाठवून विनवण्या केल्या. उत्तर आलं, गेल्या वर्षी दहाचे अकरा झाले होते, आता बारा. छान. पाणी बदलत जा.

रविवार, १०
बॅटरीची एकच रेघ. चार्जर उद्या. दुकान बंद.
तो दिवसभर बॅटरी टिकणारा घेतला असता तर —
कॅमेरा बंद करून ठेवते, मिनिटभर लावते. प्रत्येक वेळी ती जास्त घाबरलेली दिसते. बंद असताना तिलाही मी दिसत नसणार.
लेन्स काचेला टेकवलीय. एका हाताने लिहितेय. तिचा तळवा समोर. ओठ हलतायत. आई, बंद नको —
रेघ लाल झाली. चौकोन आहे अजून. ठकी, इकडे बघ, मी इथेच आहे, मी कुठेही