गाविनाच्या रक्ताचा धडा

१४ एप्रिल, मंगळवार
एलिजोचा गुडघा फुटला आणि वर्गभर एकच प्रश्न – बाई, रक्त लाल का असतं? सकाळीच बागेतल्या फावाच्या घेवड्यासारख्या शेंगा खुडून पिशवीत टाकल्या होत्या, संध्याकाळच्या भाजीला. त्यातलीच एक सोलली. म्हटलं, ही शेंग म्हणजे शीर, दाणे म्हणजे रक्तातले कण. प्रत्येक कणात इवलंसं लोखंड. ते श्वास धरून ठेवतं, म्हणून रक्त लाल. एलिजो म्हणाला, "म्हणजे माझा गुडघा गंजलाय!" हसून पुरेवाट. शेंगा हातोहात फिरल्या. तोंडात घालाल तर याद राखा, असा दमही दिला.

१६ एप्रिल
गाविना आली नाही. डोळे पिवळे, लघवी काळ्या चहासारखी. कालियारीला दवाखान्यात रक्त चढवताहेत. तिला फावा चालत नाही, एक दाणा पोटात गेला तरी रक्तातले कण फुटतात. असली मुलं आमच्याकडे घरोघरी. सार्डिनियात शेंबडं पोरही हे जाणतं आणि मी पन्नाशीची बाई! बालवाडीच्या स्वयंपाकघराच्या दारावर अशा मुलांची यादी आहे. गाविनाचं नाव दुसरं. अक्षर माझं.
तिचा एप्रन खुंटीवरच होता. खिशात शेंगेचं रिकामं टरफल. ते मी माझ्या पर्समध्ये टाकलं. का, कोण जाणे. काही वाटत नाही.

१७ एप्रिल
सगळे म्हणतात, गाविनाला तिच्या आजीनेच दिलं. बोनारिया आजीच्या परसात फावाचा वाफा आहे ना! सुनेने तिला दवाखान्याच्या दारातूनच परत पाठवलं. पावाच्या दुकानात भेटली. म्हणाली, "मला दिल्याचं आठवत नाही गं. पण पोर स्वतः सांगतेय, म्हणजे दिलंच असणार. डोकं गेलं माझं."
पोर तापात बोलली असेल. मी पाव घेतला आणि घरी आले.

२० एप्रिल
मुलांनी विचारलं, गाविनाचं रक्त आता कुठल्या रंगाचं? लालच, म्हटलं. तिचे कण फुटले, म्हणून दुसऱ्या कुणाचे तरी दिलेत. तेच आता तिचा श्वास वाहतात.
"मग ती आम्हाला ओळखेल?"
ओळखेल, म्हटलं. कुणीतरी पलीकडच्या खोलीत बोलत असावं, तसा माझा आवाज.

२१ एप्रिल
सांगायला हवं. जेवले. भांडी घासली.

२३ एप्रिल
बोनारिया आजीने अख्खा वाफा उपटून टाकला. मी रस्त्यावरून पाहिलं. तिने हात केला. मीही केला. स्वतःची किळस आली – इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी वाटलं.

२८ एप्रिल
गाविना आली. फिकट, पण बरी. मला वाकायला लावून कानात म्हणाली, "बाई, मी आजीचं नाव सांगितलं. तुम्ही खाऊ नका म्हणाला होतात ना, म्हणून. आता नाही ना रागावणार?"
नाही, म्हटलं.
तिच्या आईकडे निघालेय. हे आधी लिहून ठेवते, म्हणजे वाटेतून परत फिरता येणार नाही.