तुरेवाली नको, तांबडी घे

मी, खाली सही करणारा, वय एकवीस, शिक्षण अर्धवट, व्यवसाय कोंबड्या पाळणे (वडिलांच्या मते रिकामटेकडेपणा), हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहून ठेवतो. दुखतं ते पोटात, डोक्यात नाही. मला कुणी धाक घातलेला नाही, भरीस पाडलेलं नाही, आणि समजूत घालायला आलेल्यांचं मी ऐकलेलं नाही.

निमित्त असं की उद्या सकाळी माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात किरकोळ आहे. असेल. पण काल जेवताना बाबा म्हणाले, "तू दवाखान्यात पडलास की गच्ची मोकळी करून घेतो. एक पीस दिसता कामा नये!" तेव्हा माझं काय व्हायचं ते होवो, कोंबड्यांचं मीच ठरवणार.

माझे मामा वकिलाकडे कारकून आहेत. ते म्हणाले, "अरे वेड्या, मृत्युपत्र माणूस मेल्यावर लागू होतं, भुलीचं इंजेक्शन दिल्यावर नाही."

"हे बाबांना सांगू नका," मी म्हटलं. त्यांनी कपाळावर हात मारला, पण कागद आणून दिला.

कलम १. गच्चीवरचं खुराडं मी जुन्या दारांच्या फळ्यांतून माझ्या हातांनी बांधलं आहे. त्यातला एक खिळाही कुणी काढू नये. बाबांना त्या जागी त्यांचं जुनं कपाट ठेवायचं आहे. कपाट जिन्यातच राहील. जिन्यात ते शोभतं.

कलम २. कॉलेजची पुस्तकं रद्दीत घालावीत. प्राध्यापक भर वर्गात "चालता हो" म्हणाले आणि मी चालता झालो. त्याचं मला जिवंतपणी वाईट वाटलेलं नाही, मेल्यावर वाटायचा प्रश्नच नाही.

कलम ३. माझी सायकल आईला. तिला ती चालवता येते हे बाबांना माहीत नव्हतं. आता झालं.

कलम ४. माझ्या सहा तांबड्या कोंबड्यांपैकी तीन, बाकीच्यांवर हुकूम चालवणारी हेडमास्तरीण धरून, तिला द्याव्यात. ती म्हणजे पलीकडच्या गल्लीतली, कॉलेजात प्रयोगशाळेत माझ्या शेजारी उभी राहणारी. नाव लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळलंय. तिलाही कळलं असावं असं मला कॉलेज सुटल्यापासून वाटतंय, पण कोंबड्यांचा विषय काढला की ती फक्त कोंबड्यांबद्दलच बोलते.

तिला परसात कोंबड्या पाळायच्या आहेत. पहिल्यांदाच. आणि मन बसलंय कशावर, तर त्या तुरेवाल्यांवर, ज्यांच्या डोक्यावर पिसांचा गेंद असतो. मला फोटो दाखवून म्हणाली, "बघ ना, टोपी घातल्यासारखी दिसते!" तिथे उभा असलेला चष्मेवाला, आमच्याच वर्गातला, लगेच पचकला, "मी आणून देतो की जोडी."

मी प्रेमात आहे हे या कागदावर रीतसर मान्य करतो. पण कोंबड्यांच्या बाबतीत मी कुणालाही बरं वाटावं म्हणून बोलणार नाही, तिलाही नाही. तो गेंद डोळ्यांवर येतो, मग मांजर आलं तरी तिला दिसत नाही. पावसात भिजला की गारठून कोपऱ्यात बसते. अंडी देते ती मनात आलं तर.

भरपूर अंडी हवीत म्हणून पांढरी लेगहॉर्न घ्यावी, असंही लोक सांगतात. चष्मेवाल्याने मागे त्याच आणल्या होत्या. अंडी दिली, नाही म्हणत नाही. पण नुसता हात पुढे केला तरी उडायच्या. एक तर समोरच्या शिंप्याच्या दुकानात शिरली आणि गिऱ्हाइकाच्या नव्या कोटावर जे करायचं ते करून आली. कोंबडी म्हटली की ती माझीच, असं धरून शिंपी अजून मलाच विचारतो, कोट कुणी धुवायचा?

नवख्या माणसाने तांबडी घ्यावी, ऱ्होड आयलंड म्हणतात ती. अंगाने भारी, त्यामुळे भिंत सहसा ओलांडत नाही. ऊन सोसते, थंडी सोसते, मालकाचा मूर्खपणाही सोसते. तपकिरी अंडी देते, पिसं झडायचे दिवस सोडले तर नेमाने. ती न मिळाल्यास काळी ऑस्ट्रॉलॉर्प. स्वभावाने तर हिच्याहून गरीब, फक्त भर उन्हात सावली हवी. कोंबडा घेऊ नये. अंड्यांसाठी तो लागत नाही, आणि तांबड्यांतला कोंबडा म्हणजे आमचे बाबा, कारण नसताना अंगावर येतो.

एकटी कोंबडी कधीही ठेवू नये. झुरते. हे मी कोंबडीबद्दलच लिहितोय. म्हणून तीन.

हेडमास्तरणीला दाणे आधी टाकावेत, म्हणजे बाकीचा वर्ग शांत राहतो. संध्याकाळी ती मांडीवर येऊन डोळे मिटते. माझ्याखेरीज ती फक्त 'तिच्या' मांडीवर बसली आहे. चष्मेवाल्याच्या बोटाला मात्र तिने चोच मारली. कोंबडीला माणसं कळतात असा माझा दावा नाही. पण नोंद असावी.

कलम ५. खुराड्याखालचं खत पोत्यासकट चष्मेवाल्याला.

कलम ६. उरलेल्या तीन कोंबड्या बाबांना. विकायच्या नाहीत, कापायच्या नाहीत, कुणाच्या गळ्यात मारायच्या नाहीत. बाबा, तुम्ही सकाळी दोन-दोन उकडलेली अंडी खाता. ती कपाटातून येत नाहीत.

साक्षीदारांविषयी. साक्षीदार दोन लागतात. मामांनी सही केली. तेवढ्यात आवाज ऐकून बाबा वर आले, कोटाचं विचारायला शिंपी आला, आणि माझी तब्येत बघायला तीही आली. बाबांनी कागद ओढून घेतला आणि उभ्या उभ्या वाचला.

"या तीन माझ्या बोकांडी कशाला?" ते ओरडले.

मामा म्हणाले, "दाजी, साक्षीदार म्हणून सही ठोका. साक्षीदाराला यातलं काही मिळत नाही. सुटलात."

बाबांनी पेन उघडलं. "काहीच नाही? मग अंडी?"

"अंडीही नाहीत."

बाबांनी पेनाला टोपण लावलं आणि सायकलचं विचारायला खाली गेले.

मी पेन तिच्यापुढे धरलं. म्हटलं, तुला नको असतील तर सही कर. तिने कलम चार पुन्हा वाचलं. माझ्या पोटातलं दुखणं तेवढा वेळ थांबलं होतं.

"मी नाही सही करणार," ती म्हणाली. "तिघींना खुराडं लागेल. ते बांधायला तू लागशील. तेव्हा उद्या उगाच मरू नकोस. आणि एक टोपीवाली मी घेणारच."

"तिला मांजर दिसत नाही, सांगितलं ना!"

"तुला दिसतं की," ती म्हणाली.

साक्षीदार पहिला: मामा, वकिलाचे कारकून.
साक्षीदार दुसरा: समोरचा शिंपी. (कोटाचा प्रश्न अजून सुटलेला नाही, असं त्याने लिहायला सांगितलं आहे.)

सही: कोंबड्यांचा मालक
ठिकाण: आमची गच्ची, खुराड्याशेजारी
दिनांक: ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी, कोंबड्या आत शिरायच्या वेळी

दुरुस्ती: कलम ४ मध्ये "एक तुरेवाली, माझ्या देखरेखीखाली" हे शब्द नंतर घातले आहेत. अक्षर माझंच आहे. हे लिहिताना मी पूर्ण शुद्धीत होतो, असं मात्र छातीठोकपणे सांगता येत नाही.