बाबांबरोबर बेनेटपर्यंत

स्कॅगवे
३ सप्टेंबर १९७४

प्रिय नेल्स,

तू आणि मुली खुशाल असाल. इथे सगळं ठीक. सोनं शोधायला लोक लोटले त्या दिवसांचे किस्से ऐकायला आलेले पाहुणे परतू लागलेत, गाव रिकामं होतंय.

शनिवारी बाबांना आगगाडीने बेनेटपर्यंत फिरवून आणलं. पस्तीस वर्षं त्या रुळांवरचा बर्फ उपसला, पण खिडकीशी निवांत बसून कधी गेले नव्हते. घाटातल्या बोगद्याआधी एकदम उठून उभे राहिले. शेजारच्या बाईंचा कॅमेरा खाली पडला.

बाबा ओरडले, "वर बर्फाचा कडा सुटतोय! नेल्सला पाठवू नका! एकच पोरगा आहे मला!"

गार्डने हाताला धरून बसवलं. "अजून ऑगस्ट आहे, काका. बर्फ कुठला?"

अकरा वर्षांपूर्वी तू बर्फ उपसणाऱ्यांची टोळी सोडलीस, तेव्हा ते तुला सगळ्यांदेखत भित्रा म्हणाले होते. मी विसरलेले नाही, तूही नसशील. तरी हे तुला कळवावंसं वाटलं.

खरं सांगू? ते आता माझ्याच्याने सांभाळवत नाहीत. स्टोव्ह पेटता ठेवून निघून जातात. दोनदा रुळांवरून शोधून आणलं. तुमच्या जूनोच्या वृद्धाश्रमात जागा मिळाली आणि मी सही करून टाकली.

बेनेटला सगळे जेवायला उतरलो. खाता खाता ते अगदी शहाण्यासारखे म्हणाले, "थोरा, मला कुठे टाकणार आहेस?"

"टाकत नाही, बाबा. जूनोला जायचंय."

"तिथे माझं कोण आहे?"

तोंडातून निघून गेलं, "नेल्स आहे ना. त्यानेच बोलावलंय. रोज येणार आहे भेटायला."

हातातला चमचा खाली ठेवला. मग म्हणाले, "बोलावलंय, तर जायला हवं."

तेव्हापासून रोज सकाळी दाढी करून बसतात.

तुला न विचारता तुझा शब्द देऊन बसले, नेल्स. रागव माझ्यावर. गुरुवारी, बारा तारखेला, दुपारी चारला बोट तुमच्या धक्क्याला लागते. रोज ये म्हणत नाही. त्या दिवशी तेवढा उभा राहा. ते ओळखतील की नाही, सांगवत नाही. तूच आपलं नाव सांग.

येणार नसशील तर आधी कळव. याच्यापुढचं खोटं मला सुचत नाहीये.

तुझी दमलेली बहीण,
थोरा