दारावरची डबी

प्रिय चिमे,

पत्र बघून घाबरू नकोस, आई बरी आहे. पलंगावर बसून उशांचे अभ्रे घडी करते आहे आणि केलेल्या घड्या मोडते आहे. मी दाराशी खुर्ची टाकून लिहितो आहे. काल फोनवर तू म्हणालीस, चाळीस घरांत जाणाऱ्या डब्या साहेबांनी थांबवल्या, माझंच गणित चुकलं अण्णा. तेव्हापासून जिवाला थारा नाही.

तू बनवलेली डबी आपल्या दारावर लावलीस तेव्हा मला समजेल असं सांगितलं होतंस. आतली चिप दिवसभर झोपते, नुसता एक कान उघडा असतो. दार हललं की जागी होते, घरात घंटा वाजवते, तुझ्या फोनवर निरोप धाडते आणि पुन्हा झोपते. म्हणून बटणाएवढा सेल दोन वर्षं पुरतो. मी मान डोलावली. मनात म्हटलं, पहारेकरी झोपतो आणि वर त्याचं कौतुक? तीस वर्षं मी कारखान्याच्या फाटकावर काढली. तिथे डुलकी लागली तर आठ दिवस घरी बसवायचे. चौथी शिकलेल्या माणसाला झोपून केलेली राखण कशी पटावी?

आईचं तुला ठाऊकच आहे. जरा पाठ वळली की ही उंबऱ्याबाहेर. कडी काढायची तेवढी विसरलेली नाही. मी भाजी निवडतो तीही दाराकडे तोंड करून. शेजारीण म्हणते, आजोबा, तुम्ही आता घराचं कुलूपच झालात. आत्ताही मध्येच उठून पाहिलं. कडी लावलेली आहे.

त्या दुपारी मी आंघोळीला गेलो आणि डबी गप्प राहिली. आई दोन गल्ल्या पलीकडे शिंप्याच्या दुकानात सापडली, अनवाणी, त्याला झंपराचं माप देत उभी. तू धावत आलीस, डबी उघडलीस, तर सेल मेलेला. एकोणीस दिवसांत. तू कपाळाला हात लावून बसलीस आणि मी विचारलं, चहा टाकू का.

फोनवर जीभ रेटत नाही, म्हणून हे पत्र. डबीच्या कडेला तपासणीचं बटण आहे ना, दाबलं की चिप जागी होते आणि हिरवा दिवा लागतो. आधी मी ते तासातासाला दाबायचो. मग एक दिवस त्यावर आगकाडीचा तुकडा ठेवून वरून चिकटपट्टी लावली. दिवा सारखा पेटलेला. बघून बरं वाटायचं. त्या दुपारी तो विझलेला होता, मी पाहिलंच नाही. तू यायच्या आत पट्टी काढून खिशात घातली. तुझं गणित बरोबर होतं, पोरी. साहेबांना सांग, सेल चिपने खाल्ला नाही, म्हाताऱ्याने तिला झोपू दिलं नाही. हसू देत मला. त्या चाळीस घरांत डबीची वाट बघत कुणीतरी आंघोळीला जायचं थांबलं असेल.

तुझाच, तुझ्यापुढे मान खाली घालून,
अण्णा