चाळीस काचा आणि वाचनाचा तास

२ जुलै
शाळेत चाळीस टॅब आले. ग्रंथालयातलं माझं टेबल त्यांच्यासाठी गेलं. मी काही बोलले नाही. मोठ्या बाईंना एवढंच विचारलं, की पुस्तकांच्या खोलीत हे काचेचं दुकान कशाला? याला काही बोलणं म्हणत नाहीत. बाई म्हणाल्या, मावशी, जग कुठं चाललंय ते बघा जरा. मी खिडकीतून बघितलं. जग डबे धुवायला नळावर चाललं होतं.

मी ग्रंथालयात मदतनीस. रोज पाचवीच्या वर्गाला गोष्ट वाचून दाखवते. वेळापत्रकात त्याला वाचनाचा तास म्हणतात. आता म्हणे तोही टॅबवर. मी नुसतं लक्ष ठेवायचं.

नव्याचे नऊ दिवस. मग टॅब कपाटात जातील आणि कपाटाची किल्ली माझ्याकडेच असते. तारीख लिहून ठेवते: ११ जुलै.

३ जुलै
निश्चय: टॅबला हात लावायचा नाही.

३ जुलै, दुपारी
लावला. पुसायला. पुसणं म्हणजे वापरणं नव्हे.

शी! कार्टी काचेवरचं पान उलटायलासुद्धा बोटाला थुंकी लावतात. चाळीस काचांवर चाळीस जणांची थुंकी, वर खडूची धूळ, आणि एकीवर चक्क शेंबूड. कुणाचं बघून शिकली असतील? घरी लक्षच देत नाहीत हल्ली. मी वाचताना बोट ओलं करते, पण ती गोष्ट वेगळी. कागद कोरडा असतो.

५ जुलै
टॅबचं काम बघायला नवे सर आलेत. मुलं त्यांना टॅबसर म्हणतात, म्हणून मीही. त्यांनी समजावून सांगितलं. आत गोष्टी भरलेल्या. मूल पान उलटतं, टॅब मोजतो. प्रकरण संपलं की पाच प्रश्न. उत्तरं बरोबर आली की तारे. सगळ्याचा ग्राफ मोठ्या बाईंच्या खोलीत दिसतो.

मी विचारलं, मूल वाचतंय की नुसतं उलटतंय, हे कसं कळतं? म्हणाले, सिस्टीमला कळतं. म्हटलं, तिला कसं कळतं? म्हणाले, मावशी, तुम्ही टेन्शन घेऊ नका. उत्तर येत नसलं की माणसं दुसऱ्याच्या तब्येतीवर येतात.

मग तास बघितला. एका पोरानं तीस पानं दोन मिनिटांत संपवली. गोष्टीत काय झालं, विचारलं. म्हणाला, मावशी, पुढची आली. असं म्हणाला, जसं काही गोष्ट म्हणजे बस आहे.

८ जुलै
रविवार. घर झाडलं. यांची खुर्ची हलवून खालचं पुसलं, परत तिथंच ठेवली.

यांची नजर गेली तेव्हा मला धड जोडाक्षरं येत नव्हती. दुसरीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. पण यांना पेपर कोण वाचून दाखवणार? औषधांच्या खोक्यांवरून सुरुवात केली. मग पेपर, मग पुस्तकं. सहा वर्षं रोज. हे मध्येच झोपायचे, मी थांबत नसे, कारण थांबलं की जागे व्हायचे.

यांना जाऊन चार वर्षं झाली. शाळेत वाचते ते त्यासाठी नव्हे. आवाज वापरात ठेवावा लागतो, नाहीतर बसतो. एवढंच कारण आहे.

१२ जुलै
टॅब आहेत. म्हणीतले नऊ दिवस सुट्ट्या वगळून धरायचे असतात, हे माझ्या ध्यानात राहिलं नव्हतं.

१६ जुलै
टॅब आहेत.

१७ जुलै, सकाळी
डोकं चालवलं. दीपगृहात राहणाऱ्या मुलीचं पुस्तक माझ्या कपाटात आहे. तेच टॅबमध्येही आहे, शब्दाला शब्द. बाईंची आज्ञा काय? टॅब चालू हवेत, पानं उलटली पाहिजेत. ठीक. टॅब चालू राहतील, पानं उलटली जातील. मोठ्यानं वाचायचं नाही, असं कुणीही म्हटलेलं नाही.

१७ जुलै, दुपारी
जमलं! मी पुस्तकातून वाचते. पहिल्या बाकावरच्या चष्मेवालीला कामाला लावलं. माझं पान उलटलं की तिनं हात वर करायचा, आणि चाळिसांनी काचेवर बोट फिरवायचं. पहिल्या दोन पानांना गोंधळ झाला, तिसऱ्यापासून पलटणीसारखं. शेवटी वादळात दिवा विझतो तिथं प्रकरण संपतं. वर्गात कोणी हललं नाही. मागच्या बाकावरचा तीस पानांवाला म्हणाला, मावशी, थांबू नका ना.

थांबले. उद्यासाठी ठेवावं लागतं. प्रश्नांची उत्तरं सगळ्यांनी पटापट दिली.

ही फसवणूक नव्हे. फसवायला समोर माणूस लागतो.

२७ जुलै
आमचा वर्ग ग्राफमध्ये पहिला. एक्क्याऐंशी टक्के. बाकीचे वर्ग चाळिशीत लोळताहेत. टॅबसर मला विचारत होते, तुम्ही काही खास करता का? मी म्हटलं, नाही, लक्ष ठेवते. आत्ताच सांगितलं तर किंमत राहत नाही. बाहेरचे अधिकारी ग्राफ बघायला येणार आहेत. त्यांच्यासमोर विचारतील, या यशामागे कोण? तेव्हा मी उठेन. दोन वाक्यं तयार केलीत. तिसरं यांच्याबद्दल होतं, ते काढलं. शाळेत घरचं नको.

९ ऑगस्ट
सोळावं प्रकरण. दीपगृहवाला बाप आजारी, मुलगी एकटी दिवा सांभाळते. वाचताना आवाज जरा अडकला. खडूच्या धुळीनं. चष्मेवालीनं हात वर करायचा विसरून चष्मा पुसला. तिलाही धुळीचा त्रास दिसतो.

काचा मात्र तशाच. रोज ओल्या फडक्यानं पुसते. दुपारपर्यंत खोलीला थुंकीचा आणि तापलेल्या रबराचा वास येतो. जेवण जात नाही.

१७ ऑगस्ट
अधिकारी आले. तिघं. इस्त्रीच्या घड्यांसकट. मी नवी साडी नेसले नव्हते, जरा बरी नेसले होते. दाराशी उभी राहिले, म्हणजे शोधावं लागायला नको.

टॅबसरांनी भिंतीवर ग्राफ दाखवला. आमची रेघ सगळ्यांच्या डोक्यावरून. मोठे अधिकारी म्हणाले, वा! एकानं विचारलं, या यशामागे कोण? मी पदर सावरला. टॅबसर म्हणाले, सिस्टीम. टाळ्या पडल्या. सगळे वाजवत होते म्हणून मीही वाजवल्या.

जाताना मोठे अधिकारी माझ्याशी बोलले. म्हणाले, आजी, पाणी मिळेल का?

२० ऑगस्ट
मोठ्या बाईंनी बोलावून घेतलं. बक्षीस असेल असं वाटलं होतं.

म्हणाल्या, मावशी, पाचवीनं सिद्ध केलं, मुलं आपली आपण वाचू शकतात. उद्यापासून त्या तासाला माणूस नको. तुम्हाला मोकळं केलं. तुम्ही टॅबचं चार्जिंग बघा. बसून काम आहे, पायांना आराम.

मग मी सगळं सांगितलं. पुस्तक, चष्मेवालीचा हात, सगळं. बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाल्या, तुमचं मन दुखावलंय, ते मला कळतं, पण म्हणून लेकरांच्या कष्टाचं श्रेय काढून घेऊ नका. मी म्हटलं, वर्गात येऊन विचारा त्यांना. म्हणाल्या, ग्राफ समोर असताना मुलांना कशाला विचारू?

आपल्याच हातानं पायावर धोंडा. नाही, तसं नाही. हा डाव आहे. मला न घेता तास चालवून बघू देत. एका आठवड्यात ग्राफ खाली येईल आणि टॅबसर पळत येतील. तीन प्रकरणं राहिलीत. मुलगी वाळूच्या बेटावर अडकलीय आणि भरती येतेय. मुलांना चैन कसं पडेल?

२४ ऑगस्ट
पळत कोणी आलेलं नाही. वर्गाच्या दारावरून दोनदा गेले. कामासाठी. तिसऱ्यांदा गेले तेव्हाही काम होतं.

२८ ऑगस्ट
ग्राफ आला. माझ्यावेळी एक्क्याऐंशी. आता शहाण्णव.

टॅबसरांना विचारलं. म्हणाले, एक उत्तर चुकलं की टॅब दुसरं निवडू देतो. हिरवं होईपर्यंत दाबत राहायचं. मुलांना कळलंय ते. हुशार आहेत, म्हणाले. माझ्या तासाला ती उत्तर आधी मनात ठरवायची आणि एकदाच दाबायची, म्हणून चुकायची. म्हणजे पंधरा टक्के माझ्यामुळे गेले होते.

असल्या शाळेत पाऊल टाकायचं नाही. उद्याच राजीनामा.

२९ ऑगस्ट
आज लिहिला नाही. मुलं शेवटाचं विचारायला आली आणि मी नसले तर?

३० ऑगस्ट, सकाळी
चष्मेवाली नळावर भेटली. मीच विचारलं, बेटावरच्या मुलीचं काय झालं असेल गं? म्हणाली, वाचते ती, मावशी. म्हटलं, तू वाचलंस? म्हणाली, नाही, शेवटच्या पानावर गेलं की चित्र आहे, त्यात ती बापाबरोबर उभी आहे. सगळ्यांनी बघितलं. मग हसून म्हणाली, तुम्ही उगाच घाबरवत होता आम्हाला. डबा हलवून पाणी झटकलं आणि पळाली.

मला वाईट वाटलं नाही. पुस्तकात ते चित्र आहे हे मी तिसऱ्या दिवशीच मुलांना सांगायला हवं होतं. चूक माझी.

३० ऑगस्ट, शाळा सुटल्यावर
ग्रंथालयात चाळीस टॅब तारांना लावले. ओळीनं उभे केले, काचा माझ्याकडे करून. पुसलेल्या होत्या. दीड तास थांबावं लागतं. हातात पुस्तक होतं, आणि आवाज वापरात ठेवायचा म्हणून विसावं प्रकरण मोठ्यानं वाचायला घेतलं. दार लावून.

तिसऱ्या पानावर ओळीतला एक टॅब उजळला. कसा जागा झाला, कोण जाणे. बाईमाणसाच्या आवाजात म्हणाला, मला समजलं नाही, पुन्हा सांगाल का?

आज दोन महिन्यांत पहिल्यांदा त्या खोलीत कुणी मला काही विचारलं होतं.

पान मागं उलटलं. पुन्हा सांगितलं.