तंग आवळला की चावते

दादा,

काल तुझ्या कपाळात बादली मी घातली. घोडीने लाथ मारली म्हणून उगाच सांगत फिरू नकोस. खोगिराचा पट्टा, तो तंग, पोटाखालून आवळला की ती चावते, म्हणून तू तिला साखळीने फोडून काढलंस. आज डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. तिच्या पोटात अल्सरच्या जखमाच जखमा आहेत, म्हणून ती चावते. औषध उपाशीपोटी द्यायचंय, ते मी देईन. ही शर्यत ती पळणार नाही. साखळी घेऊन तबेल्यात आलास तर उरलेलं कपाळही फोडीन.

डोकं ठणकलं तर गोळी घे, पण काहीतरी खाऊन घे, नाहीतर तुझ्याही पोटात तेच होईल.

मी पोट दुखतं म्हटलं की बाबा पट्टा काढायचे, आठवतं? तेव्हा तू मध्ये पडायचास. काल मी पडले.