खोली हजर

सोमवार, ४

आले एकदाची. सामान ते काय, एक ट्रंक, एक पिशवी आणि बटणांची बरणी. तरी टॅक्सीवाल्याने विचारलंच की बाई, घर बदलताय की रुसून निघालात? म्हटलं, नोकरी लागली आहे मला. या वयात हे वाक्य पहिल्यांदाच तोंडून निघालं आणि माझं मलाच हसू आलं.

राहायची जागा चांगली आहे. महाविद्यालयाच्या मागच्या इमारतीत वरचा मजला, लोखंडी कॉट, डुगडुगणारं टेबल. नळाला दिवसभर पाणी असतं. खिडकीतून भिंत दिसते, पण भिंतीवर ऊन पडतं, तेवढं पुरे.

लेकीचा फोन आला. जेवलीस का, कडी नीट लागते का, शेजारी कोण आहे. ती वसतिगृहात असताना मी तिला जे विचारायचे ते सगळं आता ती मला विचारते. तिला सातवा लागला आहे. दिवस भरायच्या आधी तुझ्याकडे येते असं मी तिला कबूल केलंय. ती म्हणाली, नोकरीच्या नादात विसरशील. मी म्हटलं, तुला विसरेन, नातवंडाला नाही.

मंगळवार, ५

आज काम समजून घेतलं. सैन्यातल्या अधिकाऱ्याला वरच्या हुद्द्यासाठी एक अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. ज्याला ठाणं सोडता येतं तो इथे येऊन वर्गात बसतो. बाकीचे असतील तिथूनच शिकतात, कुणी बर्फातून, कुणी बोटीवरून. त्यांच्यासाठी हा दूरशिक्षण विभाग. आमचे हे त्यातलेच. शिपाई म्हणून भरती झाले, अंगच्या हिमतीवर अधिकारी झाले, आणि पन्नाशीला आल्यावर पुन्हा अभ्यासाला बसले. शेवटचा एकच धडा राहिला होता तेव्हा गेले. म्हणून ही नोकरी मला मिळाली.

माझ्या वर्गात एकही बाक नाही. एक टेबल, एक खुर्ची, दिव्यांचं एक यंत्र आणि हेडफोन. विद्यार्थी जगभर. कर्नलसाहेब शिकवतात तेसुद्धा स्वतःच्या घरून, कारण त्यांचे गुडघे गेले आहेत. वर्गात खरं माणूस असं मी एकटीच.

हेडक्लार्क बाईंनी हजेरीची रीत सांगितली. इथे नावं घेत नाहीत, नंबर पुकारतात. प्रत्येक जण हजर म्हणतो. शेवटी साहेब म्हणतात, खोली. तेव्हा मी हजर म्हणायचं, म्हणजे यंत्र नीट आहे, वर्ग सुरू. गटाचा नियम असा की सगळे पुढे जातील नाहीतर कुणीच नाही. त्यामुळे हजेरीच्या वेळी कुणाची लाइन तुटली तर खोलीने त्याच्या वतीने हजर म्हणायचं, तो येतो मागून. बाई म्हणाल्या, तुमच्या आधीच्या बाईंनी एका झोपाळूला अशी हजेरी देऊन देऊन चक्क पास करून टाकलं होतं. खूप हसलो.

बुधवार, ६

सुट्टी. बरणीतली बटणं टेबलावर पसरली.

माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं वाचन मी ह्यांच्या पुस्तकांवर शिकले. ठाण्यावर दिवा नसायचा तेव्हा मी घरून फोनवर धडे वाचून दाखवायचे. अडखळले की ते शब्द सांगायचे, समजलं नाही की दोघं मिळून डोकं खाजवायचो. रजेवर आले की टॉवेलची नदी, उशीचा डोंगर, आणि माणसं म्हणजे माझी बटणं. प्रत्येकाला नाव होतं. निळं, पितळी, तुटकं, दोनभोकी. सगळ्यांत शेवटी शिंपल्याचं, माझ्या लग्नातल्या पोलक्याचं. ती तू, असं म्हणायचे, आणि तिला नेहमी सगळ्यांत शेवटी नदीपार आणायचे. पोचलं की मी हजर म्हणायचं, त्याशिवाय डाव संपत नसे.

एखादं बटण कमी भरलं की संपलंच. ताट वाढलेलं असो, पाहुणे दारात असोत, हा माणूस कॉटखाली. लेक चिडवायची, बाबा, ते बटण आहे, जवान नाही. ते खालूनच ओरडायचे की मागे कुणाला ठेवत नाही मी.

गुरुवार, ७

आज पहिल्यांदा ह्यांच्याच गटाचा वर्ग होता. सगळे मला वहिनी म्हणाले. दोन नंबरवाले म्हणाले की वहिनी, माझी लाइन अगदी सासूसारखी आहे, कधी रुसेल नेम नाही, तेव्हा माझी हजेरी तुमच्या हाती. बरं वाटलं.

मग हजेरी सुरू झाली. एक, हजर. दोन, हजर. तीन, हजर. साहेब म्हणाले, चार. आणि कुणीच बोललं नाही.

मला वाटलं लाइन तुटली. शिकवल्याप्रमाणे तोंडातून निघून गेलं, हजर.

साहेबांनी घसा साफ केला आणि पाच म्हटलं.

मग आठवलं. चार नंबर ह्यांचा.

शुक्रवार, ८

कर्नलसाहेबांचा फोन आला. म्हातारा माणूस. म्हणाले, वहिनी, चूक माझी, मी आधी सांगायला हवं होतं. इथली रीत अशी आहे की गेलेल्याचा नंबर गट पुरा होईपर्यंत काढत नाहीत. तो पुकारायचा, एक श्वासभर थांबायचं आणि पुढे जायचं. त्या जागी कधी कुणी हजर म्हटलेलं नाही. मी म्हटलं, मग आता काय होईल? ते हसले, म्हणाले, होणार काय? तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

लावून घेत नाही. पण रात्रभर तेच डोक्यात. नदीला पूर आला तेव्हा ह्यांनी सगळी तुकडी पार आणली. काठावर हजेरी घेतली. एक जण बोलला नाही. हे मागे फिरले, पाण्यात उतरले. तो पोरगा काठावरच पडला होता, गवतात, थकून शुद्ध हरपलेला. सांगायला आलेला अधिकारी माझ्याकडे न बघता हे सांगत होता. ह्यांचं शरीर मिळालंच नाही. मला वाटतं हे अजून त्या पोराला शोधताहेत.

सोमवार, ११

शेवटचा धडा सुरू झाला. माघार कशी घ्यावी. नदीपलीकडून आपली माणसं अलीकडे कशी आणावी. मला पुस्तक उघडायचीही गरज नव्हती, ते आमच्या टॉवेलवर कितीदा झालंय.

प्रत्येकाने आपापली योजना तोंडी सांगायची होती. तीन नंबरचं झालं. साहेब म्हणाले, चार, आणि श्वासभर थांबले. या वेळी मी ओठ घट्ट मिटून बसले होते.

हेडफोनमध्ये पाणी वाहिल्याचा आवाज आला. मग दम लागलेला एक माणूस मोजू लागला.

निळं. पितळी. दोनभोकी. तुटकं.

थांबला. मग म्हणाला, शिंपल्याचं?

पुन्हा एकदा, जरा मोठ्याने. शिंपल्याचं?

बाकीच्यांना नुसती खरखर ऐकू आली. साहेब म्हणाले, खोली, यंत्र बघून घ्या. यंत्र दुरुस्त करणारा आला. हेडफोनच्या गाद्या ओल्या होत्या. म्हणाला, घाम आहे ताई, इतकं काय घाबरता. मग त्याने नाकाजवळ नेल्या, तोंड वाकडं केलं आणि विचारलं की गटारात पडले होते का. चिखलाचा वास होता. नदीच्या.

घरी येऊन बरणी उपडी केली. शिंपल्याचं बटण नाही. कॉटखालीही नाही.

बुधवार, १३

आजचा वर्ग नीट ऐकलाच नाही. साहेब बोलत होते त्याच्या खालून हे मोजत होते. सगळी येतात, एक राहतं. आवाज थकलाय. मी ओळखते तो थकवा, दोन-दोन पाळ्या करून आल्यावर बुटाची नाडीही सुटत नसे तेव्हाचा.

हेडक्लार्क बाईंनी परस्पर लेकीला फोन केला. आई एकटीच बोलते, पाणी-पाणी करते, तुम्ही घेऊन जा. लेक माझ्यावर ओरडली. म्हणाली, बाबा गेले आई, तू तरी राहा. माझ्या वेळेला मला कोण आहे? शुक्रवारी न्यायला येतेय, ट्रंक भरून ठेव. मी म्हटलं, या दिवसांत प्रवास करू नकोस. ती म्हणाली, मग तू शहाण्यासारखी वाग. आणि रडली.

ट्रंक भरली आहे.

गुरुवार, १४

आता हेडफोन लागत नाही. नळ सोडला की ऐकू येतं. नळ बंद असला तरी.

कळलं मला. त्या दिवशी मी ह्यांच्या हजेरीत हजर म्हटलं. ह्यांच्या लेखी मी आता ह्यांच्या तुकडीत आहे. आणि जो उत्तर देत नाही त्याला शोधायला हे मागे फिरतात. त्यांना दुसरं काही येतच नाही.

गप्प राहिले तर ते माझ्यासाठी इथवर येतील. वर्गात नाही भेटले तर इथे. इथे नाही तर लेकीच्या घरी — तिथे बाळ असेल — नाही.

आणि गप्प राहिले तर ते त्याच पाण्यात फिरत राहतील, हेही खरं. ते जास्त सोसत नाही मला.

एकदाच हजर म्हणायचं. मी अलीकडे आहे, सुखरूप आहे, शोधू नका. म्हणजे धडा पुरा होईल, ते सुटतील. मग लेकीचा हात धरून जायचं. दोन्ही जमेल. जमायला हवं.

शुक्रवार, १५

वर्गात बसून लिहिते आहे. लेक वाटेत आहे, तासाभरात पोचेल. आज गटाचा शेवटचा दिवस. सगळे खुशीत. दोन नंबरवाले म्हणाले, वहिनी, पास झालो तर पार्टी तुमच्याकडे.

हेडफोन जड आहे. कानाशी गार.

मोजताहेत. निळं — पितळी — अगदी जवळून. दम लागलाय.

शिंपल्याचं?

म्हटलं. हजर. मोठ्याने म्हटलं. मी अलीकडे आहे हो, शोधू नका —

हसले. किती दिवसांनी ते हसू. म्हणाले, सगळे आले. म्हणाले, अगं, केवढा वेळ लावलास.

मग पाणी थांबलं. सगळं शांत झालं. रडू आलं मला, पण बरं वाटलं. सुटले ते.

साहेब शेवटची हजेरी घेताहेत. एक. दोन. तीन. चार — श्वासभर — पाच. सहा.

खोली.

मी हजर म्हटलं.

साहेब थांबले. श्वासभर.

आणि म्हणाले, बरं, पुढे जाऊ.

मी पुन्हा म्हटलं. ओरडले. दोन नंबरवाल्यांना हाक मारली — कुणी —

पाय दिसत नाहीत. टेबलाखाली पाणी आहे, काळं, गुडघ्याच्या वर. हे कुठे आहेत? हाक मारली. तेही नाहीत. ते पार गेले. मी कुठल्या काठावर — लिहितेय ते ओलं होतंय —

हातात शिंपल्याचं बटण आहे. मुठीत. कधीपासून?

दार उघडलं. लेक. पोटावर हात धरून, धापा टाकत. मागे हेडक्लार्क बाई. लेक खुर्चीकडे बघते. माझ्या अंगावरून बघते. आई कुठंय, विचारते बाईंना. बाई म्हणतात, आत्ता तर इथेच —

तिने हेडफोन उचलला. पाणी निथळतंय त्यातून. कानाला लावू नकोस बाळा — लावला —

आई, म्हणते. आई, आहेस का —

आहे गं, इथेच आहे, ऐक ना, मी ह